सात भाग, एक पेटी: ‘हॅरी पॉटर’चा संच घेण्यापूर्वी

जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर’चे सातही भाग एका पुठ्ठ्याच्या पेटीत घालून विकले जातात, आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या दुकानांत ही पेटी हमखास दिसते. चौथी-पाचवीतल्या मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून किंवा सुट्टीची बेगमी म्हणून पालक ती उचलतात. पुस्तके उत्तम आहेत याविषयी मला शंका नाही. पेटीविषयी मात्र आहे, आणि हा अभिप्राय मुख्यतः तिच्याविषयीच आहे. तो लिहिताना चौथ्या भागापासून पुढच्या काही घटना उघड कराव्या लागणार आहेत, त्याला इलाज नाही.

पहिला भाग जून १९९७ मध्ये आला आणि सातवा जुलै २००७ मध्ये. चौथ्या आणि पाचव्या भागांत तर जवळपास तीन वर्षांचे अंतर पडले. कथेत जादूच्या शाळेत दाखल झालेला हॅरी अकराव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत पोहोचतो. ज्याने दहाव्या वर्षी पहिला भाग हाती घेतला, तो वाचक शेवटचा भाग येईपर्यंत वीस वर्षांचा झाला होता. म्हणजे नायकापेक्षा वाचक पुढे गेला होता, आणि लेखिकेने प्रत्येक भागात विषयाचा भार वाढवत नेला तरी तो पेलण्याइतके वय त्याला आपोआप मिळाले होते. पेटीने हे अंतरच काढून टाकले आहे. नऊ वर्षांचे वाचनवेडे मूल एप्रिलअखेरीस पहिला भाग उघडते आणि शाळा सुरू होण्याआधी सातवा मिटवते. मजकूर तोच आहे, पण ज्या संथ गतीच्या भरवशावर तो वाचकांपर्यंत पोहोचत गेला, ती गती उरलेली नाही.

आपल्याकडे पालकांच्या हे चटकन ध्यानात येत नाही, त्याला एक कारण आहे असे मला वाटते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कितीही साहसे करून आला तरी तो विद्याभवनातला शाळकरी मुलगाच राहतो. त्याचे कोणतेही पुस्तक कोणत्याही क्रमाने मुलाच्या हाती द्यावे, चिंता नसते. अशा मालिकांवर वाढलेल्या आईवडिलांनी पहिला भाग चाळून ‘ठीक आहे’ म्हटले की उरलेल्या सहा भागांनाही तीच मंजुरी मिळते. चित्रपटांच्या बाबतीत ब्रिटनमध्ये ही चूक होण्याचे कारण नव्हते, कारण तिथल्या चित्रपट प्रमाणन मंडळाने पहिल्या तीन चित्रपटांना ‘पीजी’ (पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा असा) आणि चौथ्यापासून पुढे ‘१२ए’ (बाराखालील मुलांनी मोठ्यांसोबतच पाहावा असा) असे वेगळे प्रमाणपत्र दिले. पुस्तकांच्या पेटीकडून अशी सूचना मिळत नाही.

आता ‘मोठ्यांचा’ मजकूर या मालिकेत हाताळला कसा आहे, ते पाहू. माझ्या मते याचा सर्वांत चांगला नमुना हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल लाँगबॉटम याच्या उपकथेत सापडतो. चौथ्या भागात वर्गात निषिद्ध शाप कोळ्यांवर करून दाखवले जातात. यातनांच्या शापाखाली कोळी तडफडू लागतो तेव्हा हॅरीची मैत्रीण हर्मायनी ‘थांबवा’ म्हणून ओरडते, पण तिची नजर कोळ्यावर नसून नेव्हिलवर असते. त्याच्या मुठी बाकावर आवळलेल्या आहेत, बोटांची पेरे पांढरी पडली आहेत. का, हे लेखिका तेव्हा सांगत नाही. त्याच भागात बऱ्याच पुढे कळते की त्याच्या आईवडिलांचा याच शापाने छळ झाला आणि त्यात त्यांची बुद्धी गेली. मग पाचव्या भागात नाताळच्या दिवशी इस्पितळात त्याची आई दिसते. ती मुलाच्या हातावर च्युइंग गमचे रिकामे वेष्टन ठेवते. आजी ते टाकून द्यायला सांगते, आणि नेव्हिल ते गुपचूप खिशात घालतो. छळाचे वर्णन कुठेही नाही, रक्ताचा थेंब नाही. तरीही बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला जे समजायचे ते पुरेपूर समजते. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र इथे फक्त एक चमत्कारिक बाई आणि एक कागद दिसण्याची शक्यता अधिक. ते घाबरणार नाही, पण त्याच्या हातून काहीतरी निसटेल, आणि मला अकाली वाचनाचा हा तोटा भीतीपेक्षा मोठा वाटतो.

सातव्या भागातही हाच संयम आहे. हर्मायनीचा छळ होतो तेव्हा आपण तळघरात हॅरी आणि त्याचा मित्र रॉन यांच्याबरोबर असतो, वरून फक्त किंकाळ्या ऐकू येतात. शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर यांच्या धाकट्या बहिणीवर तीन मुलांनी केलेल्या हल्ल्याविषयी तर परिणाम तेवढा सांगितला आहे, तपशील दिलेला नाही; ज्या वयाला जेवढे उमगेल तेवढे उमगावे, अशी ती योजना आहे. याउलट पाचव्या भागातील शिक्षिका अम्ब्रिजबाईंची शिक्षा थेट आहे. ‘मी खोटे बोलता कामा नये’ हे वाक्य हॅरीला स्वतःच्या रक्ताने लिहावे लागते आणि ते हाताच्या पाठीवर कोरले जाते. मोठ्यांच्या अधिकाराचा असा गैरवापर मुलांनी वाचावा या मताचा मी आहे, मात्र तो वाचताना घरात कोणीतरी बोलायला असावे.

सगळेच जमले आहे असे नाही. सहाव्या भागात प्रेमरसायनाच्या बळावर एका माणसाला संसारात अडकवण्याची हकिगत येते आणि खलनायकाच्या जन्माचे मूळ तिथेच असल्याचे कळते. त्याच पुस्तकात तसलेच रसायन रॉनच्या जुळ्या भावांच्या दुकानात मुलींना गमतीचा माल म्हणून विकले जाते, आणि रॉन ते घातलेली चॉकलेटे खातो तो प्रसंग विनोदी आहे. हा विरोधाभास लेखिकेने तसाच सोडला आहे. संमतीविषयी मुलांशी बोलण्याची वेळ आलेल्या पालकांनी हा भाग स्वतः आधी वाचावा, हे बरे. सातव्या भागात मृत्यूही इतके दाटीवाटीने येतात की चौथ्यातील सेड्रिक या विद्यार्थ्याच्या मृत्यूला मिळालेला शोकाचा अवकाश त्यांतल्या बहुतेकांना मिळत नाही.

वस्तू म्हणून पाहिले तर पेटी दिसायला देखणी, वापरायला बेताची. ब्लूम्सबरी या ब्रिटिश प्रकाशकाच्या मूळ आवृत्तीत पहिला भाग २२३ पानांचा आणि पाचवा ७६६ पानांचा. कागदी बांधणीतला हा पाचवा भाग लहान हातांत धरवत नाही आणि दोन-तीन वाचनांत त्याच्या कण्याला चिरा पडतात. पेटी इतकी घट्ट असते की मधला भाग ओढताना शेजारच्याचे कोपरे दुमडतात. ज्या दुकानात मी भाचीसाठी पहिले तीन भाग सुटे मागितले, तेथील विक्रेत्याने ‘साहेब, संचच घ्या, सुटे महाग पडतात’ असे तीनदा ऐकवले आणि चौथ्यांदा सुटे नाहीतच असे सांगितले. ते त्याच रस्त्यावर दुसऱ्या दुकानात मिळाले. संचावरची सवलत खरी आहे, हे मान्य करायला हवे. फरक लक्षात येण्याइतका असतो.

मराठीतून वाचायचे असल्यास मंजुल प्रकाशनाचा अनुवाद आहे, आणि तोही भागाभागाने घेता येतो. दहाच्या आतील मुलांसाठी पहिले तीन भाग निर्धास्तपणे घ्यावेत, त्यातही तिसऱ्यातील, माणसाचा आनंद शोषून घेणारे डिमेंटर काहींना रात्री त्रास देतील. चौथा अकरा-बाराच्या सुमारास, आणि पाचव्यापासून पुढचे दर वर्षी एक या बेताने. सवलतीचा मोह आवरत नसेल तर पेटी जरूर घ्यावी, पण पाचवा, सहावा आणि सातवा भाग बाहेर काढून मोठ्यांच्या कपाटात ठेवावेत आणि दरम्यान स्वतः वाचून घ्यावेत.