पुढची पाळी कुणाची? मुलांच्या साखळी गोष्टीसाठी व्हॉट्सॲप, गूगल डॉक की व्हिडिओ कॉल

सुट्टी लागली की कुणाची तरी आई विचारतेच, ‘तुमच्याकडे मुलं मिळून गोष्ट लिहितात ना, ती कशावर? आमच्याकडेही सुरू करायचंय.’ एका शब्दात उत्तर देता येत नाही. आमच्या वाचनगटात तीन सुट्ट्यांत तीन प्रकार करून झाले आणि तिन्ही वेळा मी वेगवेगळ्या कारणांनी दमलो. मुलं पाचवी ते नववीतली. बहुतेक ठाण्यातली, दोन भावंडं न्यू जर्सीला. आपल्यासाठी काय निवडावं, या विचारात असाल तर आमचा हिशेब उपयोगी पडेल.

खेळ तसा जुनाच. चार चिठ्ठ्या करून ‘कोण, कुणाबरोबर, कुठे, काय करत होते’ हा खेळ आपण सगळेच खेळलोय. गणिताच्या बाई, बिबट्याबरोबर, पाण्याच्या टाकीवर, भजी तळत होत्या. पॅरिसच्या अतिवास्तववादी कलावंतांनी १९२५च्या सुमारास कागदाच्या घड्या घालून जवळपास हेच केलं, आणि त्याला कलेच्या इतिहासात जागा मिळाली. आपल्या भज्यांना नाही मिळाली, असो. चिठ्ठ्यांची गंमत आधीच्याने काय लिहिलंय ते न कळण्यात असते. साखळी गोष्टीचं, म्हणजे पाळीपाळीने एकेकाने पुढे नेलेल्या गोष्टीचं, उलट. तिथे मागचं नीट दिसलं पाहिजे आणि आपली पाळी लवकर आली पाहिजे. शिवाय मधल्या वेळात फाटे फोडायला, खिदळायला मोकळीक हवी. या तीन कसोट्यांवर प्रत्येक साधन कुठे ना कुठे लंगडतं.

व्हॉट्सॲप

सगळ्यांच्या घरी आहे, शिकवावं लागत नाही, म्हणून पहिल्या सुट्टीत आम्ही तेच घेतलं. पण व्हॉट्सॲप वापरायला वय किमान १३ लागतं. म्हणजे पाचवी-सहावीची मुलं आईबाबांच्या फोनवरून येणार. आमच्या गोष्टीतली राजकन्या एकदा दोन दिवस विहिरीत अडकून पडली, कारण जिची पाळी होती तिचे बाबा फोन घेऊन दौऱ्यावर गेले होते. बाकीच्यांनी दम धरला नाही. तिसऱ्या दिवशी राजकन्येला विहिरीतून काढणारे चार वेगवेगळे मजकूर एकाच वेळी आले. एकात हत्ती होता, एकात क्रेन.

दुसरी पंचाईत मागचं दिसण्याची. गोष्टीची पाच वाक्यं आली की त्यावर चाळीस हसरे चेहरे, दोन स्टिकर आणि ‘अरे हत्ती विहिरीत मावेल का’ यावर खडाजंगी. मूळ गोष्ट वर वाहून जाते. पिन करता येतं, पण एका गटात तीनच मेसेज, तेही जास्तीत जास्त ३० दिवस. लिहिलेलं दुरुस्त करायला १५ मिनिटं मिळतात. मुलाला आपली चूक रात्री झोपताना आठवते. त्यामुळे रोज संध्याकाळी गोष्टीचे तुकडे वेचून एका जागी चिकटवायचं काम माझ्याकडे आलं.

मग आम्ही दोन गट केले. एक गोष्टीचा, एक गप्पांचा. शिस्त आली, आणि चार दिवसांत गोष्ट थंड पडली. असं का झालं ते मला नंतर उमगलं. हत्ती विहिरीत मावेल का, हा वाद हाच त्या गोष्टीचा जीव होता. त्या वादातूनच पुढे ‘आकाराने लहान पण वजनाने मोठा’ असा हत्ती निघाला होता, आणि तो मोठ्या माणसाला कधीच सुचला नसता. गोष्टीशेजारी गप्पा दिसत नसतील तर मुलं गृहपाठासारखं लिहितात. व्हॉट्सॲपच घ्यायचं असेल तर एकच गट ठेवा, गोष्टीच्या प्रत्येक मजकुराच्या सुरुवातीला एक ठरलेली खूण टाकायला लावा (आमच्याकडे मासा होता), आणि संध्याकाळचं वेचकाम आपलं म्हणून धरून चाला.

एक गोष्ट मात्र व्हॉट्सॲपवर फार छान होते, ती म्हणजे आवाज. इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी फर्डं बोलतात, पण देवनागरीत लिहायची वेळ आली की हातपाय गाळतात किंवा रोमनमध्ये लिहून मोकळी होतात. अशा मुलाने दोन मिनिटांचा ऑडिओ पाठवला, तर त्यात राक्षसाचा आवाजसुद्धा काढलेला असतो.

गूगल डॉक

मागचं दिसण्यासाठी याला तोड नाही. सगळी गोष्ट एका पानावर, वरपासून खालपर्यंत. प्रत्येकाने आपला रंग घेतला की कुणाचं काय तेही कळतं. समासात टिप्पण्या करता येतात, म्हणजे हत्तीचा वाद गोष्टीला खेटून चालतो आणि तिला वाहून नेत नाही. मला हे सगळ्यात आवडलं. कुणी रागाच्या भरात दुसऱ्याचा अख्खा परिच्छेद उडवला तरी जुन्या आवृत्त्या साठवलेल्या असतात. हे घडतंच, आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी घडलं. परिच्छेद परत आणला, पण ज्याचा उडाला तो मुलगा दोन दिवस लिहायला आला नाही. तंत्राने मजकूर परत येतो, रुसवा तसाच राहतो. तेव्हापासून मुलांना थेट संपादनाऐवजी ‘सुचवा’ या पर्यायावर ठेवतो. खोडलेलंही दिसत राहतं आणि माझ्या होकाराशिवाय काही जात नाही.

अडचणी दोन. एक, भारतात स्वतःचं गूगल खातं चालवायचं वयही १३च आहे. त्याखालच्या मुलाचं खातं पालकांना आपल्या देखरेखीखाली काढून द्यावं लागतं. लिंक सगळ्यांना उघडी ठेवली तर खात्याशिवायही लिहिता येतं, पण मग ती लिंक कुठे कुठे फिरेल यावर आपला ताबा नाही. गंमत अशी की खात्याशिवाय आलेल्या पाहुण्याला गूगल एखाद्या प्राण्याचं नाव देतं. पानावर अचानक ‘अनामिक कॅपिबारा’ उगवला की मुलांचं लिहिणं थांबतं आणि तो कोण याचा तपास सुरू होतो. आमच्या गोष्टीत पुढे हेरांची एक टोळीच आली, सगळी अशा प्राण्यांची. मजा आली, पण त्याच दिवशी मी लिंक बंद केली आणि फक्त ओळखीच्या पत्त्यांना परवानगी दिली.

दोन, हे लिहिणाऱ्यांचं साधन आहे. लॅपटॉप किंवा टॅब असला तर बरं. फोनच्या छोट्या पडद्यावर लांब गोष्ट आणि समासातल्या टिप्पण्या एकत्र सांभाळताना मुलं वैतागतात. बोलून टंकायची सोय मराठीत आहे आणि बऱ्यापैकी चालते, फक्त पूर्णविराम आपले आपण घालावे लागतात. ज्यांना लिहायचाच कंटाळा आहे ती मुलं इथे आठवड्याभरात गळतात. आमच्या दहातली चार गळली.

व्हिडिओ कॉल

इथे कुणी पाळीसाठी दिवस मोजत नाही. झूमवर फुकटात ४० मिनिटं मिळतात, गूगल मीटवर तीन किंवा जास्त माणसं असतील तर ६०. दहा मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे एक फेरी २० मिनिटांची. हाय-हॅलो आणि ‘आवाज येतोय का’ धरून झूमवर दीड फेरी होते. एवढ्यात गोष्ट संपत नाही, पण रंगते नक्की. दुसऱ्याचा चेहरा दिसत असल्याने मूल वाक्य बोलता बोलता बदलतं. समोरचे हसले की तेच ताणतं.

परदेशातल्या मुलांसाठी माझं मत सरळ आहे: कॉलच करा. त्यांना मराठी कानाने येतं, हाताने नाही. वेळ जुळवावी लागते. न्यू जर्सीत रविवारी सकाळी साडेआठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा आणि त्यांच्या हिवाळ्यात सात. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेल्यावर एका रविवारी आम्ही तासभर आधीच येऊन बसलो होतो.

कॉलची उणीव म्हणजे मागे काही उरत नाही. रेकॉर्डिंग मी करत नाही. मुलांचे चेहरे कुठेतरी साठवून ठेवायला मला आवडत नाही, आणि खरं सांगायचं तर ते परत कुणी बघतही नाही. त्याऐवजी दर वेळी एक मूल लेखनिक. त्याने त्या दिवशी पाळी घ्यायची नाही, फक्त टिपायचं. लाजऱ्या मुलांना हे काम आवडतं आणि पुढच्या रविवारी सुरुवातीला टिपण वाचताना त्यांचा आवाजही सुटतो. फक्त वाचताना ती स्वतःची वाक्यं हळूच घुसवतात. आम्ही तिकडे काणाडोळा करतो.

डिस्कॉर्ड, वॉटपॅड वगैरे

मोठी मुलं हे सुचवतात. डिस्कॉर्ड म्हणजे गटात गप्पा मारायचं ॲप, वॉटपॅड म्हणजे गोष्टी लिहून लोकांना वाचायला देण्याची जागा. डिस्कॉर्डवर एकाच ठिकाणी गोष्टीसाठी, गप्पांसाठी, चित्रांसाठी वेगळे कप्पे करता येतात, आणि ते खरंच सोयीचं आहे. पण दोन्हीकडे वयाची अट १३ची, आणि अनोळखी लोकांशी गाठ पडण्याची शक्यता मूळ रचनेतच आहे. आपल्या २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने तर १८ वर्षांखालच्या सगळ्यांनाच मूल धरलंय. पाचवी ते नववीच्या मिश्र गटाला मी तिथे नेणार नाही. नववी-दहावीच्या चार मैत्रिणींनी ओळखीपुरता बंद कप्पा केला, तर आडही येणार नाही.

मग निवडायचं कसं

साधनाच्या आधी मुलं मोजा. दहा मुलं आणि रोज एक पाळी असेल, तर आपली पाळी परत यायला दहा दिवस जातात. तोवर मूल राजकन्येचं नावसुद्धा विसरतं. पाच-पाचचे दोन संच करा आणि दोघांना एकच सुरुवात द्या. ‘आटपाट नगर होतं, तिथे कुणालाच झोप येत नव्हती.’ पंधरवड्याने गोष्टी अदलाबदल करून वाचायच्या. एकाच नगराचं दोन ठिकाणी काय झालं हे बघताना मुलं जी हुज्जत घालतात ती ऐकण्यासारखी असते.

नियम कमी ठेवा. आमचे तीन आहेत: पाचच वाक्यं; दुसऱ्याचं पात्र त्याला विचारल्याशिवाय मारायचं नाही; ‘आणि मग तो स्वप्नातून जागा झाला’ याला बंदी. अनेकांनी मिळून पाळीपाळीने रचायच्या जपानी रेंगा कवितेतली एक युक्तीही आम्ही उचलली आहे. तिथे प्रत्येक कडवं लगेच आधीच्या कडव्याशी जुळायला हवं, पण त्याच्याही आधीच्याकडे परत वळायचं नाही. मुलांना हे सांगितल्यावर गोष्ट त्याच विहिरीभोवती घुटमळायची थांबली.

सगळी मुलं सातवीच्या पुढची, घरात लॅपटॉप आणि लिहायची हौस असेल, तर डॉक. काही मुलं दूरदेशी किंवा लिहायला नाखूश असतील, तर रविवारचा कॉल. व्हॉट्सॲप फक्त तेव्हा, जेव्हा रोज संध्याकाळी वीस मिनिटं तुकडे वेचायला तुमच्याकडे आहेत. यंदा आम्ही कॉलवर गोष्ट सांगतो आणि लेखनिक ती डॉकवर उतरवतो. समासात हत्तीचा वाद चालूच आहे. ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ कुणी म्हणायचं यावर मतदान घेतलं, तर पाचवीतल्या सगळ्यात लहान मुलीला सर्वांत जास्त मतं पडली. ती अजून म्हणायला तयार नाही. तिच्या मते कॅपिबाराचं काय झालं ते कुणी सांगितलेलंच नाही.