पोलीस कुटुंब आरोग्य योजना: ऑपरेशन निभावलं, रजेसाठी मात्र भांडावं लागलं

माझे मिस्टर हवालदार आहेत. मिरवणुकीच्या बंदोबस्तात जमावातून दगड आला आणि त्यांच्या नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत रॉड टाकावा लागला. महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेचा आमचा अनुभव पोलीस लाइनमधल्या बाकीच्या बायकांसाठी लिहितेय.

योजना कॅशलेस आहे, पण यादीतल्या रुग्णालयांतच, आणि ठरलेल्या आजारांसाठीच: 27 आकस्मिक, 5 गंभीर. अपघात आकस्मिकमध्ये धरला जातो, म्हणून आमचं काम झालं. भरती करताना काउंटरवरच्या माणसाने आधी डिपॉझिट मागितलं. माझ्या हातात तेव्हा घरखर्चाचेच पैसे होते. दिरांनी मिस्टरांचं ओळखपत्र पुढे केलं, पोलीस ठाण्याचं पत्र मागवलं आणि पोलिसांच्या कल्याण शाखेतल्या (वेल्फेअरच्या) मॅडमना फोन लावून सरळ त्याच्या हातात दिला. मग डिपॉझिटचा विषय निघाला नाही. ऑपरेशन, रॉड, खोली, कशालाच पैसे द्यावे लागले नाहीत. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सगळं नीट समजावलं. पोलिसाचा पेशंट म्हणून कुठेही हेळसांड झाली नाही. घरी आल्यावर वॉकर आणि फिजिओथेरपीचा खर्च आम्ही केला, आणि तो बऱ्यापैकी झाला.

खरा त्रास रजेचा. ठाण्यातून मिस्टरांची साधी वैद्यकीय रजा टाकली गेली होती. म्हणजे ड्यूटीवर मार खायचा आणि वर स्वतःची साठवलेली रजा जाळायची! हे मला पटलंच नाही. निवृत्त झालेल्या एका काकांनी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 काढून दाखवले. नियम 75 मध्ये विशेष विकलांगता रजा आहे: कर्तव्य बजावताना कुणी इजा केली तर जास्तीत जास्त 24 महिने, पहिले 120 दिवस पूर्ण पगार, पुढे अर्धा. ही रजा आपल्या साठवलेल्या रजेतून वजा होत नाही. अपघाताने झालेल्या इजेसाठी पुढचाच नियम 76 आहे.

अर्ज केला, तर त्रुटी काढून परत आला. दुसऱ्यांदा स्टेशन डायरीतल्या (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतल्या) नोंदीची नक्कल आणि वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलं. मंजुरी यायला वेळ लागला, पण आली, आणि कापलेली रजा खात्यात परत जमा झाली. ती नोंद त्याच रात्री एका सहकाऱ्याने आठवणीने करून घेतली होती, नाहीतर आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

उपचारांना मी पाचपैकी साडेचार देईन. रजेच्या कामाला दोन. नियम चांगलाच आहे, पण जखमी माणसाला तो ठाण्यातूनच सांगायला हवा, अर्जही तिथूनच भरून निघायला हवा. प्लास्टरमधला पाय घेऊन तो कुठल्या टेबलावर चकरा मारणार? तोवर बायांनो, नवरा जखमी झाला की डायरीची नोंद झाली का, हे त्याच दिवशी विचारा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय बारनिशीतून (अर्ज घेतात त्या टेबलावरून) हलू नका.