जेल नखांचे आठ महिने: सांगलीतला अनुभव

गेल्या वर्षी एका पार्लरात (नाव लिहीत नाही) नखाकडेची कातडी कापताना निपर लागला. आधीच्या बाईला वापरून ट्रेमध्ये टाकलेला तोच. पार्लरवाली काही बोलली नाही, मीही नाही. चौथ्या दिवशी नखुरडं. बोट असं ठणकलं की रात्रभर डोळा नाही, वर आठवडाभर अँटिबायोटिक.

त्यामुळे विश्रामबागेतल्या या छोट्या नेल स्टुडिओत गेले ती धास्तावूनच. आता दर तीन आठवड्यांनी जाते. नक्षीकाम बरं आहे, याहून सुबक करणाऱ्या सांगलीत मिळतील. मी टिकले ते इथली मुलगी बोलते म्हणून. पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, शुगर आहे का? रक्त पातळ व्हायची गोळी? आधी कधी जेलनं खाज सुटली होती?" आईला नेलं तेव्हा शुगर ऐकून कातडीला हत्यारच लावलं नाही. निपरचं पाकीट समोर फोडते. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेनं जंतू मारणारं यंत्र) १२१ अंशांवर १५ मिनिटं ठेवलेलं. हत्यारांच्या निळ्या दिव्याच्या पेटीचं विचारलं तर म्हणाली, "त्यात नुसतं ठेवायचं, त्यावर भिस्त नाही." नखं घासायची फाइल माझी मलाच, नावाच्या पाकिटात.

जेल कातडीला लागलं की आधी पुसते, मगच हात जेल वाळवायच्या दिव्याखाली. न वाळलेलं जेल वारंवार कातडीला लागलं तर अॅक्रिलेटची (जेलमधल्या रसायनाची) अॅलर्जी होऊ शकते, आणि ती सहसा जन्माची. पुढे दातात तशीच रसायनं असलेलं सिमेंट भरतानाही नडू शकते. हे मला तिच्याकडून कळलं. दिव्याखाली चटका बसला की मी दात आवळून बसायचे. "सोसू नका, हात बाहेर काढा," ती अजून दरवेळी सांगते. युरोपात १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओ (जेल दिव्याखाली वाळावं म्हणून घालतात ते रसायन) असलेल्या जेलवर बंदी आली, तेव्हा बाटल्यांवरची बारीक अक्षरं आम्ही दोघींनी मोबाइलच्या टॉर्चनं वाचली. दोन बाटल्या तिनं बाजूला काढल्या.

पाचव्या महिन्यात भांडणही झालं. मावसबहिणीचं लग्न दुसऱ्या दिवशी, आणि अनामिकेचं जेल उचललेलं, खाली हिरवट डाग. "यावर लावणार नाही. ओल धरलीय, डॉक्टरला दाखवा." मी चिडले, पैसे वाढवून देते म्हणाले. नाहीच. सगळ्या फोटोंत ते एक बोट मी मुठीत लपवलंय.

तक्रारी? वेळ घेऊनही अर्धा तास बसावं लागतं, आणि ७०० चे ९०० झाले. शिवाय एक गोष्ट तिनं आधी सांगायला हवी होती: फिकट जेलवर हळद चढते. हळदीच्या गावात राहून हे मला पिठलं-भाकरी खाल्ल्यावर कळलं.