ठाण्यातल्या घरात अकूस्टिक गिटार: एटी२०२० की एसएम५७?

नौपाड्यात रस्त्याकडेला राहत असाल, तर माइकआधी खिडकीचा विचार करा.

ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा कंडेन्सर माइक, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. नखाचा स्पर्श, तारेवरून सरकणारं बोट, लाकडाची ऊब, सगळं येतं. पण रिक्षाचा हॉर्न आणि शेजारचा कुकरही येतो. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच मिळणारी वीज लागते, तेव्हा तुमच्या ऑडिओ इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) ती आहे ना, ते आधी बघा.

शुअरचा एसएम५७ हा १९६५ पासूनचा डायनॅमिक माइक, म्हणजे कमी संवेदनशील; जवळ लावला की आजूबाजूचा गोंगाट कमी घेतो. फँटम नको, दणकट. मात्र वरची चमक १५ किलोहर्ट्झच्या आसपास संपते, आणि बोटांनी हळू वाजवलं की गेन (इंटरफेस माइकचा आवाज किती वाढवतो ते) इतका वाढवावा लागतो की स्वस्त इंटरफेसची सूं ऐकू येते. पिकने जोरात वाजवणाऱ्याला ही अडचण नाही. दिवसाच वेळ मिळत असेल तर त्याने हाच घ्यावा, अगदी जवळ लावावा.

माझं मत एटी२०२० ला. रात्री अकरानंतर, पंखा बंद करून, बाराव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर. साउंडहोलसमोर नको, तिथे खर्ज घुमतो.