पाचवीतल्या लेकरासाठी : नवोदय की महागड्या निवासी शाळेतली शिष्यवृत्ती?

घरात पाचवीतलं हुशार लेकरू आहे, नवोदयचा (म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचा) फॉर्म भरायचाय, आणि कुणीतरी सांगितलंय की मोठ्या निवासी शाळाही शिष्यवृत्ती देतात. मग कुठे घालायचं? असा फोन मला दरवर्षी येतो. मी सात वर्षं नवोदयात राहून शिकलो आणि पुढे तीन वर्षं एका महागड्या निवासी शाळेचं वसतिगृह सांभाळलं. दोन्हीकडच्या मेसमध्ये जेवलोय, म्हणून लिहितो.

आधी पैसा. नवोदयात राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून दरमहा ६०० रुपये विकास निधी (सरकारी नोकरांच्या मुलांना जास्त). मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना तोही माफ. डेहराडूनच्या डून स्कूलसारख्या खासगी निवासी शाळेचं वर्षाचं शुल्क दहा लाखांच्या वर जातं. तिथे उत्पन्न बघून सवलत मिळू शकते. पण सवलत फीवर असते, शाळेतल्या आयुष्यावर नाही.

हे मला एका मुलामुळे कळलं. आठवीतला, शिष्यवृत्तीवर आलेला, गणितात वर्गात पहिला. परदेश सहलीचं पत्रक निघालं, त्यावर ‘ऐच्छिक’ असं छापलेलं. महिनाभराने ट्रंका तपासताना ते पत्रक मला त्याच्या साबणाच्या डबीत सापडलं, चार घड्या घालून ठेवलेलं. घरी पाठवलंच नव्हतं. म्हणाला, “सर, आईला कळवू नका, ती कर्ज काढेल.” सहलीला वर्गातली जवळजवळ सगळी मुलं गेली. तो आठवडाभर माझ्या घरी जेवला. त्याला कुणी कधी हिणवलं नाही, मुलं चांगलीच होती. तरीही ती परत आल्यावर महिनाभर गप्पा त्याच सहलीच्या, आणि हा त्या गप्पांच्या बाहेर. गणवेश सगळ्यांचा सारखा असतो. फरक दिसतो तो सुट्टीत आणि पालक भेटायला येतात त्या दिवशी.

नवोदयात भेटीच्या रविवारी बहुतेकांचे वडील एसटीनेच यायचे. झाडाखाली बसून घरचा डबा उघडायचा आणि चिवडा अख्ख्या डॉर्मिटरीत वाटला जायचा. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, म्हणून लाजण्यासारखं कुणाकडेच फार नसायचं.

पण नवोदयही धुतल्या तांदळासारखं नाही. शहरातली मुलं नावापुरती गावच्या शाळेत घालून त्याच ग्रामीण जागा घेतल्या जातात. त्यासाठी क्लासेस चालतात आणि ते ज्यांना परवडतात त्यांचीच मुलं पुढे सरकतात. सहावीत जास्तीत जास्त ८० जागा आणि परीक्षा एकदाच देता येते. मुलींसाठी किमान एक तृतीयांश जागा. नववीत काही मुलांना वर्षभर हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयात पाठवतात. घरच्यांचा जीव खालीवर होतो, पण मला ते वर्ष फार उपयोगी पडलं.

महागड्या शाळेत जे मिळतं तेही मोठं आहे: सफाईदार इंग्रजी, कुणाहीसमोर न अडखळता बोलणं, आणि आयुष्यभर फोन उचलणारे वर्गमित्र. ही ओळखीची साखळी जुनी आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचं सिंदिया स्कूल १८९७ साली संस्थानातल्या सरदारांच्या मुलांसाठीच निघालं. डून १९३५ चं. राजीव गांधी तिथलेच विद्यार्थी, आणि त्यांच्याच सरकारच्या १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून नवोदय उभी राहिली. पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या अमरावतीत आहे. राजकोटच्या राजपुत्रांच्या कॉलेजात शिकलेल्या शाहू महाराजांनीही कोल्हापुरात १९०१ पासून सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली होती.

सैनिकी ओढ असेल तर साताऱ्याची सैनिक शाळा (१९६१, देशातली पहिली) बघा. फी आहे, पण उत्पन्नानुसार शिष्यवृत्तीही मिळते.

माझा कौल नवोदयला. मोठ्या शाळेत शिष्यवृत्ती मिळालीच, तर हो म्हणण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: सहली आणि प्रवासखर्च कोण देणार, छोट्या सुट्टीत मूल कुठे राहणार, आणि त्याच्या तुकडीत अशी आणखी किती मुलं आहेत. तिसरा प्रश्न विचारायला संकोचू नका. आपलं पोर एकटंच असेल तर मी पाठवणार नाही. पाच-सहा असतील तर जरूर विचार करेन.

घाई मात्र नवोदयचीच आहे, कारण ती परीक्षा पाचवीतच द्यावी लागते. डूनला प्रवेश सातवी-आठवीत असतो. तो विचार दोन वर्षांनी, मुलाला शेजारी बसवून करता येईल.