सिटी झेडएक्सचं आठ प्लगवालं इंजिन, इतक्या वर्षांनी

बाबांनी २००६ ला होंडा सिटी झेडएक्स घेतली, ती अजून घरात आहे, आणि सेकंडहँड घेणारे सारखे विचारतात म्हणून तिच्या १.५ आय-डीएसआय (म्हणजे दर सिलेंडरला दोन स्पार्क प्लगवाल्या) इंजिनाबद्दल एकदाच नीट लिहितोय. कागदावर बघाल तर १४९७ सीसी, चार सिलेंडर, व्हॉल्व्ह आठच आणि पॉवर ७७ बीएचपी, आधीच्या सिटी व्हीटेकला १०६ होती त्यामुळे तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. पण टॉर्क, म्हणजे गाडी ओढायची ताकद, सगळा २७०० आरपीएमलाच हातात येतो, खंबाटकी घाट पाच माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू असताना तिसऱ्या गिअरवर आरामात चढते. कारण बोअर (सिलेंडरचा व्यास) ७३ आणि स्ट्रोक ८९.४ मिमी, म्हणजे पिस्टनचा प्रवास लांब, त्यात प्रत्येक सिलेंडरला दोन प्लग, एक इनटेककडे एक एक्झॉस्टकडे, दोन्हीकडून ठिणगी पडली की पेट्रोल भराभर आणि पूर्ण जळतं. टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला, चेन आहे, बेल्ट बदलायची कटकटच नाही.

ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आत सिलेंडरला बिडाचे लायनर, म्हणजे नळीसारखं अस्तर. वजन कमी, उष्णता पटकन बाहेर जाते, हे सगळं खरं, पण या धातूला जपावं लागतं हो. आमच्या एका गॅरेजवाल्याने कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं, दोन वर्षांनी थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) काढला तर तोंडाशी पांढरा भुगा, नखाने खरवडला तर खाली बारीक बारीक खड्डे. नशीब गाडी कधी तापली नाही, नाहीतर हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, वाकलं असतं. तेव्हापासून कूलंट मी समोर उभा राहून भरून घेतो.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठेवणारे) स्क्रूवाले आहेत, टिकटिक वाढली की सेट करून घ्या. आणि प्लग! पुढचे चार दहा मिनिटांत निघतात, मागच्या चारसाठी वायपर आणि त्याखालचं प्लास्टिक काढावं लागतं म्हणून बरेच मेस्त्री तिकडे हातच घालत नाहीत. इंजिन गार असतानाच बदला, आटे आधी हाताने धरवा आणि मगच पाना लावा, अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले की खर्च मोठा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. घेणार असाल तर जुनी बिलं मागा, त्यात प्लगची संख्या चारच लिहिलेली दिसली तर मागचे चार कधी बदलले ते आधी विचारा.