टोकियोची यामानोते लाइन आणि सुइका कार्ड : नवख्या माणसाला किती सोपं पडतं?

ऑफिसच्या कामासाठी पहिल्यांदाच टोकियोला आलोय आणि बाकी शहराबद्दल बोलायच्या आधी इथल्या ट्रेनबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण एवढ्या अवाढव्य शहरात अगदी नवा माणूससुद्धा एकटा मीटिंगला वेळेवर पोचतो तो हिच्याच जिवावर.

हानेडा एअरपोर्टवरून मोनोरेलने हमामात्सुचो आणि तिथून यामानोते. ही हिरव्या रंगाची गोल लाइन, ३४.५ किमी, ३० स्टेशनं, पूर्ण फेरीला साधारण तास लागतो. जपानी वाचता येत नसलं तरी काही अडत नाही, प्रत्येक स्टेशनला नंबर आहे (जेवाय ही या लाइनची खूण), शिंजुकु जेवाय १७ आणि शिबुया जेवाय २०, म्हणजे तिसरं स्टेशन आलं की उतरायचं, बस. दाराच्या वर स्क्रीन असते, तिच्यावर पुढच्या स्टेशनला सरकता जिना आपल्या डब्यापासून कुठल्या बाजूला येणार तेही दाखवतात, हे मला भयंकर आवडलं! सकाळी गर्दी प्रचंड, पण लोक दाराच्या दोन्ही बाजूंना रांगेत थांबतात, आधी उतरणारे उतरतात मग चढणारे, आणि आत फोनवर जवळपास कोणीच बोलत नाही.

खरी कसोटी शिंजुकुला. जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन, २०० च्या वर एक्झिट, आणि चुकीच्या बाजूने बाहेर पडलात तर पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. त्यामुळे क्लायंटला पत्त्यासोबत एक्झिटचं नावही आधीच विचारून घ्या आणि पिवळे बोर्ड बघत चाला, एक्झिट त्यांच्यावरच असतात.

सुइका हे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड (२००१ पासून आहे) मेट्रो, बस, लॉकर, छोटी दुकानं, सगळीकडे चालतं, तिकिटाचा हिशोब करत बसायला नको. टुरिस्टवालं वेलकम सुइका २८ दिवस चालतं, डिपॉझिट नाही, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून थोडे थोडेच भरा.

खटकलं ते दोनच गोष्टींत. जेआर (यामानोते हिचीच), टोकियो मेट्रो आणि तोएई या ट्रेन चालवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या, मध्ये कंपनी बदलली की भाडं बहुतेक वेळा नव्याने सुरू होतं, आणि मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात ट्रेन बंद होतात त्या पहाटे साडेचारच्या सुमारासच सुरू होतात. क्लायंटसोबतचं जेवण लांबलं तर टॅक्सी, आणि टॅक्सी इथे महाग आहे.

माझ्याकडून ५ पैकी ४.५. आणि हो, स्टेशनवरच्या बऱ्याच मशीनमध्ये कार्ड भरायला कॅशच लागते, तेव्हा येनच्या नोटा खिशात ठेवा.